पस्तीस, पन्नास की पंच्याऐंशी?

बिद्री परिसरातल्या फोटोग्राफरला वर्षाकाठी दोन हंगाम सापडतात, एक उसाचा आणि दुसरा लग्नांचा. दिवाळीच्या मागेपुढे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, तुळशीचे लग्न उरकले की मुहूर्त निघू लागतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत दोन्हीकडची गडबड एकदमच चालते. दोन्हीकडची बरीच कामे उजेड पुरेसा नसतानाच होतात. ऊसतोडीची टोळी फटफटायच्या आत फडात पोहोचते, कारखान्याच्या दारातली ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रात्रीही सरकत असते. लग्नात वरात रात्रीची, आणि मेंदी आतल्या खोलीत एका ट्यूबखाली. कॅमेरा नवाकोरा असूनही फोटो हललेले नाहीतर दाणेदार येतात, ते इथेच. मग कुणीतरी ‘एक प्राइम घेऊन टाक’ असे सांगतो. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो: घ्यायची तर कोणती?

मिररलेस कॅमेऱ्याच्या खोक्यात येणारी लेन्स बहुधा १६-५० किंवा १८-५५ मिमीची छोटी झूम असते. तिच्या कडेवर ‘३.५-५.६’ असे आकडे छापलेले असतात. हे आकडे म्हणजे लेन्सचे दार किती उघडते त्याचे माप. आकडा लहान तितके दार मोठे. पंचावन्न मिमीच्या टोकाला ही लेन्स एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. एफ १.८ ची प्राइम त्याच जागी जवळपास दहापट प्रकाश आत घेते, कारण प्रकाश या आकड्यांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दहापट हा आकडा कागदावर फुकाचा वाटतो, पण कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत उभे राहिले की तो पटतो. लाल माती, कौलातून येणारा तिरपा कवडसा, एखाददुसरा दिवा, आणि समोर डाव टाकणारा मल्ल. डाव गोठवायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवावे लागते. तिथे एफ १.८ वर आयएसओ ३२०० ने काम भागत असेल, तर किट लेन्सला त्याच फोटोसाठी आयएसओ ३२,००० च्या आसपास जावे लागेल. पहिला फोटो वर्तमानपत्रात छापता येतो. दुसऱ्यात मल्लाच्या अंगावरची माती कोणती आणि कॅमेऱ्याने घातलेले दाणे कोणते, हे कळत नाही.

हात हलल्याने येणारा धूसरपणा आजकालचे कॅमेरे सेन्सर स्थिर ठेवून बराच कमी करतात. पण मल्ल हलतो, नवरी हसते, काहिलीतला रस उसळतो. ती हालचाल कॅमेऱ्यातले स्थिरीकरण थांबवू शकत नाही. तिथे लागतो प्रकाश, आणि तो दाराच्या आकारावर ठरतो.

प्राइम म्हणजे एकाच नाभीय अंतराची लेन्स. पस्तीस मिमी ती पस्तीसच, पन्नास ती पन्नासच. झूम करायची सोय नाही. ज्याला ही अडचण वाटते त्याने कोल्हापूरचाच इतिहास आठवून पाहावा. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी या शहरात स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला. आनंदराव पेंटरांबरोबर सुरू केलेले ते काम आनंदरावांच्या अकाली मृत्यूनंतर त्यांनी दामल्यांच्या साथीने तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला, १९२३ मध्ये ‘सिंहगड’, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण व्ही. शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. १९२९ मध्ये याच शहरात ‘प्रभात’ उभी राहिली. या सगळ्या मूकपटांच्या काळात झूम लेन्स नावाची वस्तू कॅमेरामनच्या हाती आलेलीच नव्हती. चौकट बदलायची तर तिवई उचलायची, नाहीतर लेन्स काढून दुसरी बसवायची. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम, फोक्टलेंडर कंपनीची ३६-८२ मिमी झूमार, बाजारात आली ती १९५९ मध्ये. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून रोज जाणाऱ्या कोल्हापूरकरांना हे सांगावे लागते, याचे जरा नवलच आहे. त्या स्तंभाने ज्या चित्रपटांची आठवण ठेवली आहे, ते सारे प्राइमवरच टिपलेले आहेत.

आता निवडीकडे. पहिली ठेच लागते ती आकड्यांतच.

लेन्सवर छापलेले मिमी बदलत नाहीत, पण कॅमेऱ्याचा सेन्सर त्यातून किती भाग कापून घेतो ते बदलते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो. हे माप आले १९२५ मध्ये बाजारात उतरलेल्या लायका कॅमेऱ्यातून, ऑस्कर बार्नाकच्या डोक्यातून. सोनीचा ए सेव्हन, कॅननचा आर सिक्स, निकॉनचा झेड सिक्स हे या मापाचे. पण नवशिक्याच्या हातात बहुधा असतो सोनी झेडव्ही-ई टेन, कॅनन आर फिफ्टी, निकॉन झेड फिफ्टी किंवा फुजीचा एखादा कॅमेरा. हे सगळे एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचे. त्यावर कोणत्याही लेन्सचा आकडा दीडने गुणायचा, कॅननवर १.६ ने. पॅनासॉनिक-ऑलिम्पसच्या मायक्रो फोर थर्ड्सवर थेट दोनने.

आणि नेमक्या याच कॅमेऱ्यांवर सगळे जण ‘फिफ्टी’ घेतात. कारण ती स्वस्त आहे, हलकी आहे, आणि गावातल्या ज्या मोठ्या फोटोग्राफरकडे पाहून हा छंद लागला त्याच्याकडेही ती आहे. पण त्या दादांचा कॅमेरा फुल फ्रेम असतो, घेणाऱ्याचा नसतो. कॅनन आर फिफ्टीवर लावलेली पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते. ती वाईट मुळीच नाही. चेहऱ्यासाठी उत्तम आहे. मात्र जी एकच लेन्स घेऊन लग्न, गुऱ्हाळ, शाळेचे स्नेहसंमेलन असे सगळे निभवायचे आहे, ती ऐंशीची असून भागत नाही.

का भागत नाही, ते मोजून पाहता येते. बिद्री, मुरगूड, गारगोटीकडच्या जुन्या घरातली खोली धरू या दहा बाय बारा फुटांची. फोटोग्राफर एका भिंतीला पाठ लावून उभा आहे, समोर तीन मीटरवर नवरी बसली आहे. फुल फ्रेमवर पस्तीस मिमीची लेन्स या अंतरावर सुमारे ३.१ मीटर रुंदीचे दृश्य पकडते, म्हणजे नवरी, शेजारी आई, दुसऱ्या बाजूला करवली आणि मागचा ओट्यावरचा पसारासुद्धा. पन्नासची पकडते २.१ मीटर. पंच्याऐंशीची १.३ मीटर. आर फिफ्टीवरची ‘फिफ्टी’ पकडते जेमतेम १.४ मीटर. त्यात नवरी येते, आई निम्मी येते, करवली येतच नाही, आणि रुसवा मात्र फोटोग्राफरच्या वाट्याला येतो. मागे सरकायला जागा नाही; पाठीला भिंत आहे.

मंडपात जागा असते, पण तिथेही हिशेब चुकतोच. दहा-दहा जणांच्या दोन रांगा म्हणजे साधारण सहा मीटरची रुंदी. पस्तीसने ती टिपायला सहा मीटर मागे जावे लागते, पन्नासने साडेआठ, पंच्याऐंशीने चौदा मीटर. चौदा मीटर मागे म्हणजे पंगतीत.

म्हणून पहिली प्राइम कोणती, या प्रश्नावर या प्रकरणाचा कल उघडपणे पस्तीसकडे आहे. पस्तीस म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेतले पस्तीस. एपीएस-सीवर त्यासाठी तेवीसच्या आसपासची लेन्स लागते, मायक्रो फोर थर्ड्सवर सतरा. फुजीची २३ मिमी एफ २, कॅननची आरएफ २४ मिमी एफ १.८, सोनीच्या फुल फ्रेमसाठी २८० ग्रॅमची ३५ मिमी एफ १.८ अशी नावे या गटात येतात. तेवीसची लेन्स महाग वाटली तर सिग्माची ३० मिमी एफ १.४ आहे, ती एपीएस-सीवर पंचेचाळीस-अठ्ठेचाळीससारखी वागते आणि दोन्हींच्या मधली वाट देते. कॅननच्या आरएफ ३५ मिमी एफ १.८ ला आणखी एक गुण आहे: ती वस्तूच्या निम्म्या मापापर्यंत जवळ जाते. कोल्हापुरी साजाची पाने एकेक करून टिपायची असतील तर वेगळी मॅक्रो लेन्स घ्यावी लागत नाही.

पस्तीसचे खरे घर मात्र गुऱ्हाळ. ज्यांनी चालू गुऱ्हाळात कॅमेरा नेला आहे त्यांना ठाऊक असते की तिथे मागे जायला वाव नाही आणि पुढे जायची सोय नाही. मध्ये काहील, खाली धगधगते चुलवाण, एका बाजूला चिपाडाचा ढीग, दुसऱ्या बाजूला गूळ थंड करायचा वाफा. वाफेचा लोट असा उठतो की चार मीटर पलीकडचा गुळव्या दिसेनासा होतो. लांब लेन्स त्या लोटातून बघते आणि सगळे पांढरे करते. पस्तीस घेऊन जवळ गेले की मध्ये वाफ कमी, माणूस मोठा, आणि त्याच्यामागे काहील, छत, धूर असा सगळा परिसर चौकटीत बसतो. गुळव्याचा चेहरा एकटा काढला तर तो कुणाही घामाघूम माणसाचा चेहरा आहे. त्याच्या हातातला फावडा आणि समोरची उकळी दिसली तरच तो गुळव्या.

जवळ जाण्याचा एक तोटाही सांगायला हवा. नाक मोठे, कान लहान, कपाळ फुगलेले असे चेहरे रुंद लेन्समुळे येतात असे सर्रास बोलले जाते. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. साठ सेंटीमीटरवरून कोणत्याही लेन्सने चेहरा काढा, नाक पुढेच येणार. पस्तीसची लेन्स फक्त इतक्या जवळ जायचा मोह घालते. दीड-दोन मीटर लांब राहिले की चेहरा चेहऱ्यासारखा येतो, पण पस्तीसमध्ये तो लहान दिसतो. इथून पंच्याऐंशीची हद्द सुरू होते.

मधली पन्नास मात्र अन्याय सोसते आहे, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. फुल फ्रेमवर ती सर्वांत जुनी, सर्वांत घासून सिद्ध झालेली लेन्स आहे. पहिल्या लायकावर पन्नासच होती, आणि आँरी कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यभरातले बरेचसे काम याच मापावर केले. ती स्वस्त का, याचेही कारण जुनेच आहे. १८९६ मध्ये झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फने प्लानार नावाची रचना काढली. दाराच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सारख्या काचा, त्यामुळे एका बाजूचे दोष दुसरी बाजू बरेचसे खोडून टाकते. आजच्या स्वस्त पन्नास मिमी लेन्सा याच घराण्यातल्या. कॅननच्या आरएफ ५० मिमी एफ १.८ मध्ये फक्त सहा काचा आहेत आणि वजन १६० ग्रॅम. निकॉनच्या झेड ५० मिमी एफ १.८ एस मध्ये बारा काचा आहेत आणि वजन ४१५ ग्रॅम. आकडे दोन्हींवर तेच, पण निकॉनची लेन्स पूर्ण उघडी ठेवली तरी कोपऱ्यापर्यंत रेखीव राहते. कॅननची कोपऱ्यात थोडी मऊ पडते. वरातीच्या फोटोत कोपऱ्यात काय असते? बँडवाल्याचा खांदा. ज्याला मोठ्या फ्लेक्ससाठी संपूर्ण गावाचे दृश्य छापायचे आहे त्याने बारा काचांचा विचार करावा.

पंच्याऐंशी ही लग्नाच्या फोटोग्राफरची लाडकी लेन्स. अल्बममध्ये मागचे दिवे गोल-गोल विरघळलेले दिसतात, नवरा-नवरी पोस्टरसारखी उठून दिसतात, ती किमया हिची. एपीएस-सीवर त्यासाठी छप्पन्न मिमी लागते. पण ही किमया किती अरुंद जागेत घडते ते पाहा. दोन मीटरवरून एफ १.८ वर पंच्याऐंशीची लेन्स जेमतेम सहा सेंटीमीटर जाडीचा थर रेखीव ठेवते. नथ रेखीव आली तर कानातली कुडी पुसट, कुडीवर फोकस पडला तर डोळे गेले. एकट्या नवरीला ते शोभते. नवरा अर्धे पाऊल मागे उभा असेल तर त्याचा चेहरा अल्बममध्ये कायमचा धूसर राहतो, आणि हे घरी आल्यावर मोठ्या पडद्यावरच कळते. एफ ४ केले तर थर तेरा सेंटीमीटरचा होतो, आणि तोही दोघांना पुरायला एकाच रेषेत उभे करावे लागते. त्याच दोन मीटरवरून पस्तीसची लेन्स एफ १.८ वरच पस्तीस सेंटीमीटरचा थर देते. मिररलेसचा डोळ्यावर फोकस धरण्याचा गुण इथे उपयोगी पडतो, पण तो दोनपैकी एकाचाच डोळा धरतो.

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात तर पंच्याऐंशीलाही पर्याय नाही. शाहू महाराजांनी बांधलेले, १९१२ मध्ये खुले झालेले हे मैदान खोलगट आहे. प्रेक्षक वर, हौदा मध्यभागी खाली. कडेवरून पस्तीसने काढलेल्या फोटोत माणसांचा समुद्र येतो आणि कुस्ती शोधावी लागते. माती अंगावर उडेल इतके जवळ जायची परवानगी मिळाली तरच पस्तीस, नाहीतर पंच्याऐंशी किंवा १३५.

आता ‘जितके दार मोठे तितकी लेन्स भारी’ या समजाकडे वळू. कॅननचीच दोन उदाहरणे घेऊ: आरएफ ५० मिमी एफ १.८ आणि आरएफ ५० मिमी एफ १.२ एल. दुसरी पहिलीपेक्षा सव्वादोनपट प्रकाश जास्त घेते. तिचे वजन मात्र ९५० ग्रॅम, म्हणजे जवळपास सहापट, आणि किमतीतला फरक त्याहूनही मोठा. निकॉनने झेड कॅमेऱ्यासाठी एफ ०.९५ ची एक लेन्स काढली, ती दोन किलोची आहे. याही पुढची गोष्ट स्टॅन्ली कुब्रिकची. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटातले काही प्रसंग त्याने मेणबत्त्यांच्याच उजेडात टिपले, आणि त्यासाठी झाइसची ५० मिमी एफ ०.७ ही लेन्स वापरली, जी मुळात नासाच्या चांद्रमोहिमेसाठी बनली होती. अशा लेन्स एकूण दहाच बनल्या. फोकसचा थर इतका पातळ की नटांना जागचे हलता येईना. कुब्रिकला ते परवडले. चुलवाणाच्या उजेडात काम करणारा माणूस जागचा न हलता कसा चालेल?

दुपारी तर मोठे दार उलट अडचण करते. हळद बहुधा भर उन्हात, अंगणात. तिथे एफ १.८ आणि आयएसओ १०० वर शटर सेकंदाच्या आठ-हजाराव्या भागापर्यंत न्यावे लागते, आणि मध्यम किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर चार-हजाराव्या भागावरच थांबते. फोटो पांढराफटक येतो. चेहरा उठावदार हवा आणि ऊनही आहे, अशा वेळी उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावायचा किंवा निमूट एफ ४ करायचे. व्हिडिओ काढणाऱ्याला तर फिल्टरशिवाय गत्यंतरच नाही, कारण आपल्याकडे विजेचे दिवे पन्नास हर्ट्झवर चालतात, झगझग टाळायला शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर बांधून ठेवावे लागते. मंडपाबाहेर येताच तेच शटर उन्हात जळते.

सांगायचे ते असे की एफ १.८ किंवा एफ २ ही बिद्रीच्या कामाला पुरून उरणारी मर्यादा आहे. त्याच्या पुढचे पैसे दुसऱ्या लेन्सवर घालावेत.

मिररलेसने प्राइमच्या खरेदीत दोन गोष्टी बदलल्या. जुन्या एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा असे, म्हणून लेन्स मागे जागा सोडून बसे. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिमी होते, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५. आरसा गेल्यावर ते अनुक्रमे २० आणि १६ मिमी झाले. त्यामुळे रुंद लेन्स लहान करता येऊ लागल्या. कॅननची १६ मिमी एफ २.८ केवळ १६५ ग्रॅमची आहे, अर्थात तिच्या कडांची वक्रता कॅमेरा आतल्या आत सरळ करतो. उरलेल्या फटीत अडॅप्टर बसतो, म्हणून बापाच्या काळातली निक्कोर किंवा पेंटॅक्सची पन्नास मिमी लेन्सही नव्या कॅमेऱ्यावर चढते. फोकस हाताने करावा लागतो, पण पडद्यावर रेखीव कडा रंगाने उजळून दाखवण्याची सोय असल्याने तो जमतो. कोल्हापुरातल्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटात अशा लेन्स अजून सापडतात. स्थिर बसणाऱ्या आजीच्या फोटोसाठी त्या छान. पळणाऱ्या नातवाच्या मागे लागण्यासाठी नव्हेत.

दुसरा बदल त्रासाचा. आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. आणि प्राइम वापरणारा लेन्स बदलणारच. बिद्रीपासून जवळच आदमापूरला बाळूमामांच्या मंदिरात अमावास्येला गर्दी लोटते, तेव्हा भंडारा उधळला जातो. हळदीची ती बारीक पूड हवेत तरंगत असताना लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर भंडारा लावून घेणे. पुढचे शंभर फोटो निळ्या आकाशात काळपट ठिपके घेऊन येतात. काही कॅमेरे बंद करताच शटर पुढे आणून सेन्सर झाकतात, सगळे नाही. अशा ठिकाणी एकच लेन्स लावून जावे, शक्यतो धूळ-पाणी अडवणारी. फुजीच्या २३, ३५ आणि ५० मिमी एफ २ या तिन्ही तशा आहेत, कॅननची स्वस्त पन्नास तशी नाही. बाळूमामांच्या बकऱ्यांचा बग्गा माळावर दिसला तर मात्र पुन्हा पस्तीसच हवी. कळप, मेंढके आणि माळ एकत्र घ्यायचे आहेत.

कुठे प्राइम मुळीच नेऊ नये, तेही स्पष्ट असावे. राधानगरी अभयारण्यात दाजीपूरच्या बाजूला गवा किती अंतरावर दिसेल याचा नेम नसतो, आणि गवा जवळ आला तर माणसाने जवळ जायचे नसते. तिथे १००-४०० किंवा ७०-३०० झूमच शहाणपणाची. गावातल्या मिरवणुकीत, जिथे ट्रॅक्टरवर चढलेला नाच्या क्षणात दोन मीटरवरून वीस मीटरवर जातो, तिथेही किट झूम बरी, निदान दिवसा.

आपल्याला कोणते माप लागते हे पाहुण्यांना विचारण्यापेक्षा आपल्याच फोटोंना विचारावे. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कोणत्या मिमीवर काढला त्याची नोंद असते. गेल्या वर्षातले मनापासून आवडलेले फोटो वेगळे काढून ती नोंद पाहिली की कल दिसतो. बहुतेक आकडे अठरा ते पंचवीसमध्ये असतील तर लहान सेन्सरवाल्याला तेवीस हवी. सगळे पंचावन्नच्या टोकाला साचले असतील तर छप्पन्न. मग झूमची कडी त्या आकड्यावर चिकटपट्टीने बांधून एक लग्न त्यावरच काढून पाहावे. चिकटपट्टीला दहा रुपये लागतात.

जुनी लेन्स घ्यायची असेल, आणि पहिल्या प्राइमला जुनी घेण्यात काहीच कमीपणा नाही, तर दिवसाउजेडी घ्यावी. लेन्सचे मागचे झाकण काढून पुढून मोबाइलची टॉर्च तिरपी मारायची आणि मागून आत पाहायचे. सुटे धुळीचे कण असले तरी चालते. फोटोत ते दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी. दूधगंगेच्या खोऱ्यात, राधानगरी-गारगोटीकडच्या पावसाळ्यात, कातडी खोळीत गुंडाळून कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. काचेवरचा लेप एकदा बुरशीने खाल्ला की साफसफाईने परत येत नाही. दाराची पाती उघड-मिट करून पाहावीत, त्यावर तेलाचा ओघळ नको. फोकस जवळच्या बोटापासून लांबच्या झाडापर्यंत नेऊन मोटर अडखळते का ते ऐकावे. एखादी बारीक चर पुढच्या काचेवर असेल तर किंमत पाडायला तिचा उपयोग करावा. मागच्या काचेवर असेल तर लेन्स परत द्यावी. बिलावरचा आणि लेन्सवरचा क्रमांक जुळवून घ्यावा. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, पुड्या ओलावल्या की वाळवून पुन्हा घालाव्यात, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा बाहेर काढून तिने फोटो काढावेत.